टॉवरने धरलं तर

एलोडियाने स्वयंपाकघरातल्या खिडकीची काच वर सरकवली आणि ती खाली घसरू नये म्हणून मधे लाकडाचा तुकडा अडकवला. खाडीवरचा वारा लगेच आत शिरला. कॅलेंडर फडफडलं, टेबलावरचे कागदी रुमाल जमिनीवर पसरले आणि बाहेरच्या खोलीतून तिच्या वडिलांचा आवाज आला.

"बंद कर ती. डास येतात."

"भर दुपारी कुठले डास, अपा? आणि आज खिडक्या उघड्याच ठेवायच्यात. नाहीतर काचा जातील."

"मागच्या वेळी गेल्या?"

"मागच्या वेळी ते उडालंच नव्हतं."

"आजही उडणार नाही," निकानोर म्हणाला. इतक्या समाधानाने म्हणाला, की एलोडियाला हसूही आलं आणि रागही आला.

ती दुसऱ्या खिडकीकडे वळली. आमच्या पोर्ट इसाबेलमध्ये रॉकेटच्या दिवशी घरोघर हेच चालतं. खिडक्या उघडायच्या, भिंतीवरच्या तसबिरी उतरवून पलंगावर ठेवायच्या, कुत्र्याला न्हाणीघरात कोंडायचं आणि घडीच्या खुर्च्या काखेत मारून धक्क्यावर जायचं. खाडीपलीकडे, जिथे वाळू आणि खेकडे सोडून काही नव्हतं, तिथे कंपनीचा टॉवर उभा राहिला आणि गावाला या सगळ्याची सवय झाली. पण आजचं रॉकेट नेहमीचं नव्हतं. हे थोरलं होतं. त्याचा खालचा भाग, वीस मजली इमारतीएवढा, वरच्या भागाला अवकाशाच्या वाटेला लावून परत येणार होता. नुसता येणार नव्हता, तर जिथून उडाला त्याच टॉवरपाशी येणार आणि टॉवर आपल्या दोन पोलादी हातांनी त्याला अधांतरी धरणार. धरला की पुसूनबिसून पुन्हा उडवायचा. चंद्रावर अवजड सामान न्यायचं तर दर खेपेला नवी गाडी कुठून आणणार, असं कंपनीचं म्हणणं.

गावाला यात रस होताच. पण त्याहून जास्त रस होता एलोडियाच्या लग्नात. कारण टॉवरने रॉकेट धरलं तर एलोडियाचं लग्न होणार होतं, आणि नाही धरलं तर नाही.

हे असं त्रांगडं झालं ते मागणी घेऊन गेलेल्या प्राक्सेदिसच्या उतावळेपणामुळे.

कुको बाल्देरास हा साठी ओलांडलेला विधुर. उमेदीची सगळी वर्षं त्याने कोळंबीच्या ट्रॉलरवर जाळी ओढायची विंच चालवली, आणि तो धंदा बसला तेव्हा कंपनीत क्रेनवर लागला. एलोडिया शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. आधी आजारी आई, मग म्हातारे वडील, यांचं करता करता तिचं लग्न राहून गेलं, आणि राहून गेलं हे तिला स्वतःलाही कळलं ते फार उशिरा. उपासाच्या शुक्रवारी चर्चमध्ये मासे तळून विकतात, तिथे या दोघांची कढई एक. ती मासा पिठात घोळवायची, तो तळायचा. दोन वर्षं असे मासे तळून झाल्यावर त्याने तिला विचारलं. ती हो म्हणाली. पण अपांना रीतसर विचार, असंही म्हणाली.

"सत्तावन्नाव्या वर्षी रीतसर?"

"मग सत्तावन्नाव्या वर्षी पळून जाऊ का?"

आता आमच्याकडची रीत अशी, की मुलाने स्वतः मागणी घालायला जायचं नाही. शब्दाला वजन असलेला माणूस पाठवायचा. त्याने हॅट हातात धरून जायचं, गोड पावाची आणि चॉकलेटची टोपली न्यायची आणि हवापाण्याचं बोलत बोलत मुद्द्यावर यायचं. मुलीच्या बापाने तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही. म्हटलं तर पोर घरात जड झाली होती असं दिसतं. त्याने मुदत द्यायची. महिनाभर म्हणा, नाहीतर पुढचा एखादा सण म्हणा. मुदतीवर दोघांनी हात मिळवायचा, आणि एकदा हात मिळवला की त्यात काडीचा बदल नाही. नकार असेल तर बापाने तोंडाने बोलायचं नाही, मुलाच्या दारात मुकाट भोपळा नेऊन ठेवायचा. मग वर्षभर त्याने त्या घराची पायरी चढायची नाही.

हल्लीची पोरं हे सगळं फोनवर उरकतात. पण निकानोर लोंगोरिया चौऱ्याऐंशी वर्षांचा होता आणि त्याच्याकडे फोन नव्हता. म्हणून कुकोने प्राक्सेदिसला पाठवलं. प्राक्सेदिसने जन्मभर शाळेची बस चालवली, निम्म्या गावाने त्याचा ओरडा खाल्लेला, त्याचा शब्द कोण मोडणार? शिवाय तो एलोडियाचा धर्मपिता. त्या नात्याने तो आणि निकानोर एकमेकांना कोंपाद्रे म्हणत, आणि दोस्ती त्याहून जुनी.

"हिच्या बाप्तिस्म्याला तू हिला हातात धरलंस," निकानोर त्याला म्हणाला, "आणि आज त्या विंचवाल्याच्या बाजूने आलास?"

"आता तो क्रेनवाला आहे, कोंपाद्रे. रॉकेटच्या कंपनीत. मोठं काम आहे. वर गेलेलं परत आणतात."

इथे प्राक्सेदिस चुकला. निकानोरने आरामखुर्चीत मान मागे टाकली आणि त्याचा चेहरा उजळला.

वर गेलेलं रॉकेट परत येतं यावर निकानोरचा विश्वास नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकण्याआधी टीव्हीवर त्याने लहान रॉकेटं परत उतरताना पाहिली होती आणि तेव्हाच निकाल दिला होता, की ही उडतानाची फिल्म उलटी चालवलीय. धूर कधी आत जातो का? कोणी समजवायला गेलं की म्हातारा आणखी घट्ट बसायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायलाही तो तयार नव्हता. बघायचं ते बघून झालं, म्हणायचा. आता त्याला माणसं सावल्यांसारखी दिसत.

"मुदत देतो," तो म्हणाला. "ते थोरलं रॉकेट उडवणार आहेत ना, जे टॉवर धरणार म्हणतात? पहिल्याच खेपेला टॉवरने धरलं तर त्याच दिवशी हो म्हणतो."

"आणि नाही धरलं तर?"

"भोपळा."

प्राक्सेदिसचा टीव्हीवर पूर्ण विश्वास. त्याने क्षणाचाही विचार न करता पुढे होऊन निकानोरचा हात हातात घेतला आणि चांगला दोनदा हलवला. बाहेर गाडीत बसलेल्या कुकोला त्याने ही खुशखबर दिली, तेव्हा कुकोने कपाळ स्टिअरिंगवर टेकवलं.

"अहो, चाचणी आहे ती! आम्हालाच खात्री नाही! महिनाभर म्हणायचं होतंत, नाताळ म्हणायचं होतंत!"

"मला काय माहीत? परत आणतो, परत आणतो, असं तूच गावभर सांगत असतोस."

एलोडिया भांडली नाही. त्या संध्याकाळी तिने भांडी जरा जोरात घासली, एवढंच. वडील असे का वागले हे तिला कळत होतं. म्हातारा दुष्ट नव्हता. त्याला भीती वाटत होती. सकाळी कॉफीत दालचिनी कोण टाकणार, न्हाणीघरापर्यंत कोण नेणार, आणि घरात दुसऱ्या माणसाच्या चपलांचा आवाज आला नाही तर दिवस कसा सरणार, ही साधी भीती. ती तोंडाने सांगणं त्याच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्याने रॉकेट मधे घातलं.

भोपळा मात्र त्याने लगेच आणवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा पडवीत ठेवला. रॉकेट पहिल्यांदा वाऱ्यामुळे थांबलं, दुसऱ्यांदा कुठल्याशा झडपेमुळे. न उडालेली खेप पहिली म्हणून धरायची की नाही यावर सलूनमध्ये वाद झाला आणि धरायची नाही असं ठरलं. तोवर भोपळा एका बाजूने मऊ पडायला लागला. एलोडियाने तो गुळात आणि दालचिनीत शिजवून त्याच्या करंज्या केल्या. निकानोरने तीन खाल्ल्या, चौथी हातात घेतली आणि मग विचारलं, "हा कुठला भोपळा?"

"तुमचाच."

त्याने चौथीही खाल्ली. दुसऱ्या दिवशी नवा भोपळा आणायला त्याने शेजाऱ्याला पाठवलं, पण दुकानदाराने भोपळे संपले म्हणून सांगितलं. समोर ढीग दिसत असताना सांगितलं. गाव कुणाच्या बाजूने होतं ते यावरून कळावं.

बाहेर हॉर्न वाजला. प्राक्सेदिसचा जुना ट्रक दारात उभा होता आणि शेजारच्या सीटवरून कुको उतरत होता. त्याने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि दाढी करताना हनुवटीला कापून घेतलं होतं. उड्डाणाच्या दिवशी टॉवरच्या आसपास एक माणूस ठेवत नाहीत, त्यामुळे कंपनीची माणसंही आमच्यासारखी धक्क्यावरूनच बघतात.

"सेन्योर लोंगोरिया, चला, मी हात देतो."

"पाय आहेत मला," निकानोर म्हणाला आणि एलोडियाचा हात धरून उठला.

धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. कोळंबीच्या ट्रॉलरवर टपापर्यंत माणसं चढली होती. कोणी मक्याची कणसं भाजत होतं, अकॉर्डियनवाल्यांनी सावली धरून बैठक मांडली होती, बर्फाच्या गोळेवाल्यासमोर रांग लागली होती. एका ट्रकच्या टपावर कर्णा बांधून त्यावर कंपनीचं थेट निवेदन लावलं होतं. लोंगोरियांच्या चार खुर्च्यांसाठी लोकांनी आपणहून पुढे जागा सोडली.

"सेन्योर, भोपळा आणलात का?" एका ट्रॉलरवरून कोणीतरी ओरडलं.

"दुकानदार चोर आहे!" निकानोर उलट ओरडला. सगळे हसले, आणि खरं सांगायचं तर त्यालाही हे आवडलं. किती वर्षांनी धक्क्यावर त्याच्या नावाने कोणी हाक मारली होती. एके काळी इथल्या निम्म्या ट्रॉलरची जाळी त्याच्या हातची असायची.

एलोडिया गोळे आणायला गेली. प्राक्सेदिस कोणाशी तरी पैज लावायला गेला. दोन खुर्च्यांवर म्हातारा आणि कुको तेवढे उरले. कुकोने हॅट काढली, पुन्हा घातली.

"तू 'सांता एदुविहेस'वर होतास ना?" निकानोरने विचारलं.

"होतो. शेवटपर्यंत. जाळी तुमचीच होती."

"किती वेळा फाडलीस?"

"तुम्ही शिवलीत तितक्या वेळा."

म्हाताऱ्याने हसू दाबलं. वारा जरा पडला होता. पलीकडे, पाण्याच्या काठावर, रॉकेट पांढऱ्या वाफेत उभं होतं. निकानोरने त्या दिशेला तोंड केलं, पण त्याला तिथे नुसता उजेड होता.

"आज धरेल?"

कुकोने हो म्हटलं असतं तर काही बिघडणार नव्हतं.

"माहीत नाही, सेन्योर. टॉवरचे हात आम्ही पुष्कळदा हलवून पाहिले. पाण्याच्या टाक्या टांगून पाहिल्या. पण जळत येणारं अजून कधी धरलेलं नाही."

"माझ्यापुढे तरी खोटं बोलायचं होतंस."

"मग उद्या तुम्ही मला खोटारडा म्हणाला असतात."

"म्हणालो असतो," निकानोरने मान्य केलं. मग थोडा वेळ त्याची बोटं मांडीवर उगाच गाठ मारल्यासारखी हलत राहिली. "घर केवढं आहे तुझं?"

"तीन खोल्या. एक रिकामीच असते. खाडीच्या बाजूची."

"मी विचारलं नाही."

"मीही सांगितलं नाही."

एवढ्यात मागून आरडाओरडा झाला. एलोडिया दोन्ही हातांत गोळे सांभाळत येत होती आणि एका समुद्रपक्ष्याने झडप घालून त्यातला एक सबंध कागदासकट पळवला होता. लाल सरबत तिच्या कोपरापर्यंत ओघळलं होतं. कुको धावत गेला, त्याने हॅट हलवून पक्ष्याला हाकलायला पाहिलं, तर हॅटच वाऱ्यावर उडून पाण्यात पडली. एलोडिया हसायला लागली. सुरुवातीला तोंडातल्या तोंडात, मग मोठ्याने, मग तिला श्वास घेता येईना आणि ती कुकोच्या खांद्याला धरून उभी राहिली.

निकानोरने मान वळवून त्या हसण्याकडे कान लावले. घरात एलोडिया अशी हसत नसे. घरात ती औषध घेतलंत का विचारी, आणि ते विचारताना तिचा आवाज गोडच असे, पण हा आवाज तो नव्हे. हा त्याने शेवटचा ऐकला तो तिची आई हयात असताना.

"माझा गोळा कुठाय?" तो म्हणाला.

"तुमचाच नेला, अपा," ती धापा टाकत म्हणाली. "हा घ्या माझा."

कर्ण्यातून उलटी मोजणी सुरू झाली आणि अकॉर्डियन थांबलं. शेवटचे आकडे सगळा धक्का ओरडून म्हणाला. मग पलीकडे पांढऱ्या वाफेच्या पोटात आग फुटली, पण आवाज आला नाही. रॉकेट हललं, उचललं गेलं, टॉवरच्या डोक्यावर निघालं, तरीही आवाज नाही. आणि मग तो आला. पाण्यावरून चालत आला आणि आधी पायात शिरला, मग पोटात. खुर्च्या थरथरल्या, ट्रॉलरच्या तारा झणझणल्या, रस्त्यावर उभ्या गाड्या एकजात बोंबलू लागल्या. बायका ओरडत होत्या, पुरुष ओरडत होते, आणि काय ओरडत होते ते कोणालाच ऐकू येत नव्हतं. आम्ही किती रॉकेटं पाहिली असतील, पण हे पाहताना छाती आनंदाने फुटेल असं वाटलं.

निकानोरलाही दिसलं. मोतीबिंदूच्या धुक्यातून एक पिवळाजर्द ठिपका वर सरकताना त्याला दिसला. त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले होते, त्याची कवळी वाजत होती, आणि तो तोंड उघडं टाकून लहान मुलासारखा हसत होता.

"गेलं!" तो ओरडला. "गेलं रे!"

एलोडियाने त्याचा खांदा धरला. तिच्या दुसऱ्या हातात कुकोचा हात होता आणि तो सोडायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

वर, फार वर, एका ठिपक्याचे दोन झाले. धक्क्यावर टाळ्या पडल्या. वरचा भाग आपल्या वाटेने गेला, आता खालचा परत फिरला होता. लोक एकदम शांत झाले. हा शांतपणा नवा होता. बऱ्याच माना आकाशाकडे होत्या, पण काही लोंगोरियांच्या खुर्च्यांकडेही वळल्या होत्या.

कर्ण्यातला माणूस काहीतरी म्हणाला. टॉवरकडून परवानगी नाही, म्हणाला. कुठलासा काटा बरोबर दाखवत नव्हता, म्हणून यान समुद्राकडे वळवत आहेत. कुकोने ते ऐकलं आणि मान खाली घातली. एलोडियाने कर्ण्याकडे पाहिलं नाही, कुकोकडे पाहिलं, आणि तिला कळलं.

आकाशात दोन धडाके झाले, एकामागोमाग एक. वीस मजली नळा ढगातून खाली आला, बुडाशी आग पेटवून त्याने वेग आवरला, सरळ उभा राहिला. इतकं सुंदर दिसत होतं ते, की वाईट वाटायलाही वेळ लागला. फक्त तो टॉवरपाशी नव्हता. टॉवरपासून बराच पुढे, पाण्यावर होता. पाव कॉफीत बुडवावा तितक्या अलगद तो समुद्रात टेकला, क्षणभर उभा राहिला आणि हळूच कुशीवर कलला.

धक्क्यावर एक सुस्कारा फिरला. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या, कारण वर गेलेलं परत तर आलंच होतं, आणि बाकीच्यांनीही वाजवल्या. लोक एकमेकांना मिठ्या मारू लागले. फक्त पुढच्या चार खुर्च्यांपाशी टाळ्या नव्हत्या.

"काय झालं?" निकानोरने विचारलं.

प्राक्सेदिस आपल्या बुटांकडे बघत होता.

एलोडिया वडिलांच्या कानाशी वाकली. "समुद्रात गेलं, अपा. टॉवरने नाही धरलं." दूध संपलं हे सांगावं त्या आवाजात तिने सांगितलं. "चला. खिडक्या उघड्या आहेत, घरात वाळू झाली असेल. तुमच्यासाठी मासा बाहेर काढून ठेवलाय, तो तळते."

तिने आपली खुर्ची मिटली. मग कुकोची मिटली. मग प्राक्सेदिसची, आणि तिन्ही एकावर एक ठेवून त्यांना दोरी बांधू लागली. कुको नुसता उभा होता. निकानोर आपल्या खुर्चीतून हलला नाही.

"समुद्रात कुठे?" तो म्हणाला.

"काय, अपा?"

"समुद्रात गेलं म्हणतेस. समुद्रात कुठे गेलं? टॉवरने धरलं की."

एलोडियाचे हात दोरीवर थांबले. "नाही हो. मी बघितलं ना."

"तू रडत होतीस. तुला काय दिसणार?"

एलोडिया रडत नव्हती. तिने डोळ्यांना हात लावून खात्रीही करून घेतली.

"मी पाहिलं," निकानोर म्हणाला. आता त्याचा आवाज चढला होता, आणि हा चढलेला आवाज सबंध गावाच्या ओळखीचा होता. "टॉवरपाशी आलं, थांबलं, आणि धरलं दोन्ही हातांनी. आंधळे झालात का सगळे?"

कुको प्रामाणिक माणूस, आणि प्रामाणिक माणसाला कधी गप्प बसावं ते कळत नाही. तो पुढे झाला. "सेन्योर, टॉवर तर–"

प्राक्सेदिसचा बूट त्याच्या पायावर पडला. चांगला जोरात पडला.

"टॉवर तर काय?" निकानोरने विचारलं.

"टॉवर तर... मजबूत आहे, सेन्योर."

"ते मी पाहिलंच. कोंपाद्रे, तू बोल. तुझे डोळे चांगले आहेत. काय दिसलं?"

प्राक्सेदिसने एकदा समुद्राकडे पाहिलं. तिथे वीस मजली नळा आडवा पडून वाफा सोडत होता.

"धरलं," तो म्हणाला. "अगदी अलगद धरलं."

"मीपण पाहिलं!" गोळेवाला ओरडला. ट्रॉलरवरून कोणीतरी ओरडलं, "धरलं, धरलं!" मग ते सगळ्या धक्क्यावर पसरलं. ज्यांना काही माहीत नव्हतं ते बाहेरगावचे पाहुणेही ओरडू लागले. अकॉर्डियनवाल्यांना तेवढं निमित्त पुरे होतं. कर्ण्यातला माणूस अजून समुद्र, समुद्र म्हणत होता, तेव्हा ट्रकवाल्याने वर चढून त्याची तार काढली.

प्राक्सेदिसने हॅट काढून छातीशी धरली. घसा खाकरून मोकळा केला. या क्षणी त्याला हवापाण्याचं काहीच सुचेना.

"मग मुदत पुरी झाली, कोंपाद्रे. आम्ही उत्तराला आलोय."

"हो," निकानोर म्हणाला.

कुकोला ते समजायला जरा वेळ लागला. मग तो पुढे आला, म्हाताऱ्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने त्याचा हात धरला. विंचच्या तारांनी आणि जाळ्याच्या सुतांनी खरबरीत झालेले ते दोन हात बराच वेळ एकमेकांत राहिले. कोणीतरी एलोडियाला उचलून गोल फिरवलं. कोणी तिच्या गळ्यात पडून खरंच रडलं. तिचे सगळे कपडे लाल सरबताने आणि लोकांच्या अश्रूंनी भरले, आणि ती हसत होती, पण अधूनमधून तिची नजर वडिलांकडे जात होती.

गर्दी जरा निवळल्यावर ती त्यांना घेऊन ट्रककडे निघाली. प्राक्सेदिस आणि कुको खुर्च्या घेऊन पुढे गेले होते आणि दोघं एकाच वेळी बोलत होते. वारा पुन्हा सुटला होता. एलोडियाने वडिलांचं कोपर धरलं होतं, नेहमीसारखं, एक पाऊल मागे राहून.

"अपा."

"हं."

"खरं सांगा. काय दिसलं तुम्हाला?"

"डोंबल दिसणार," निकानोर म्हणाला. "एक पिवळं वर गेलं, एक पिवळं खाली आलं."

ते आणखी थोडे चालले. रस्त्यात मक्याच्या कणसांची सालं पडली होती, ती तिने पायाने बाजूला केली.

"तू मुकाट खुर्च्या मिटत होतीस," तो म्हणाला. "ते ऐकू आलं."

एलोडियाने कोपर सोडून त्याचा हात आपल्या हातात घेतला, आणि तसाच धरून ती त्याच्या बरोबरीने चालू लागली.